चाक थांबलं की पंप थांबणार

'डायरेक्ट' या शब्दाचा मला मनस्वी राग आहे. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात लाडका शब्द. फ्यूज उडतोय? डायरेक्ट कर. स्विच अडकतोय? डायरेक्ट कर. म्हणजे मधलं सगळं काढून टाकायचं आणि बॅटरीची वायर सरळ नेऊन भिडवायची. काम चालू होतं, गिऱ्हाईक खूश होतं, आणि थोड्या दिवसांनी तोच ट्रॅक्टर जळक्या वायरींचा वास घेऊन माझ्या दारात उभा राहतो. निपाणीहून चिकोडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं पत्र्याचं दुकान आहे. ट्रॅक्टरचं आणि शेतीच्या मशीनचं वायरिंग करते. दारावरच मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, 'इथे डायरेक्ट करून मिळणार नाही.' लोक ते वाचतात, हसतात, आणि आत येऊन विचारतात, "मॅडम, जरा डायरेक्ट करून देतासा काय?"

बेळगावात डिप्लोमा केला, मग कॅम्पातल्या एका दुकानात गाड्यांचं वायरिंग केलं, आणि तिथे दुसऱ्याच्या नावाखाली राबायचा कंटाळा आला तेव्हा निपाणीला परत आले. पण वायरिंग मी खरं शिकले ते आमच्या गल्लीत. जयंतीच्या आधी गल्लीभर दिव्यांच्या माळा लागायच्या. एक बल्ब गेला की अख्खी माळ विझायची आणि तो मेलेला बल्ब शोधत बसायचं काम माझ्याकडे यायचं, कारण बाकीच्यांचा धीर पहिल्या वीस बल्बांतच संपायचा. आई तंबाखूच्या वखारीत, वडील लोकांच्या रानात. आमच्या पिढीत मी वायरी धरल्या आणि आक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, रान धरलं. शाळेत बसलं की तिचं डोकं दुखायचं आणि रानात गेलं की थांबायचं, असं ती स्वतःच सांगते. वर मलाच म्हणते, "तू शिकलीस आणि काय केलीस? माझ्यासारखंच हात काळं केलीस."

हे सगळं घडलं ते तिच्या पायांमुळे.

रविवारी मी दुपारी तिच्याकडे गेले होते. ती न्हाणीच्या दगडावर बसून पाय घासत होती, आणि घासणं काही संपेना. जवळ जाऊन बघितलं तर तळव्यांच्या कडेची कातडी पापुद्रे धरून सुटलेली, नखं पिवळी, आणि घोट्यापर्यंत बारीक लाल पुरळ. मी विचारलं, काय झालंय? म्हणाली, "चिखल्या." भर उन्हात, पावसाचा थेंब नसताना, कोरड्या रानात कसल्या चिखल्या? मी तिथेच बसले. मी उठायची वाट ती बघत होती, पण मी उठेना. शेवटी म्हणाली, "वळताना उडतंय गं औषध. लई न्हाय. शितोडं." मग जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी, "डाव्या पायाच्या दोन बोटांस्नी आता काय समजत न्हाय."

आता हे वळणं म्हणजे काय ते सांगायला हवं. उसाच्या लागणीचं, म्हणजे ऊस लावायचं, मशीन ट्रॅक्टरच्या मागे असतं. त्याला मागे दोन खुर्च्या. त्यांच्यावर दोन बायका बसतात आणि हातातले लांब ऊस एकेक करून नळकांड्यात सोडतात. आत पातं फिरतं, कांड्या तुटून सरीत पडतात, आणि पडताना वरच्या टाकीतलं कीटकनाशक त्यांच्यावर शिंपडलं जातं. टाकीला छोटा पंप, पंपाला ट्रॅक्टरची बॅटरी. सरीच्या टोकाला आलं की ड्रायव्हर मशीन जमिनीवरून उचलतो, ट्रॅक्टर वळवतो आणि पुढच्या सरीत उतरवतो. मशीन उचललं की पंप आपोआप बंद पडावा, म्हणून त्याला एक स्विच दिलेला असतो. पडलाच नाही तर औषधाच्या नळीचं तोंड हवेत तरंगतं, बरोबर बायकांच्या पायांसमोर, आणि सगळं वळण संपेपर्यंत फवारा चालू राहतो. एका दिवसात अशी वळणं किती होतात ते ज्यानं त्यानं आपल्या रानावरून समजून घ्यावं.

मी म्हटलं, सोड ते काम. तिनं मला वेड्यात काढलं. मशीन यायच्या आधी ती आयुष्यभर वाकून लागण करत आली होती. पाण्यानं भरलेल्या सरीत अनवाणी, डोक्यावर बेण्याची, म्हणजे लावायच्या उसाची, मोळी. "मशीन आलं आणि माझी कंबर वाचली," म्हणाली. "आता कंबर वाचवू का पाय, ते तूच सांग." मला राग आला. आक्काचा नव्हे. कुणाचा ते मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं.

ते लवकरच कळलं. आक्का बसते त्या मशीनचा मालक स्वतःच दुकानात आला. पंप मधेच बंद पडतो म्हणाला. गावातला मोठा बागायतदार, बोलायला साखर. मला 'ताई' म्हणतो. कडोलीच्या साहित्य संमेलनाला पहिल्या रांगेत बसतो आणि सीमाभागातल्या माणसावरच्या अन्यायावर तासभर बोलू शकतो. त्याच्या बांधाच्या आत मात्र कुणावर अन्याय होऊ शकतो हे त्याच्या स्वप्नातही नसावं. मी मशीन बघितलं. स्विचच्या दोन्ही वायरी उपसून एकमेकींना पीळ दिलेला आणि त्यावर खताच्या पोत्याचं प्लास्टिक गुंडाळलेलं. डायरेक्ट. मी ते सगळं फेकून दिलं आणि नवीन पद्धतीनं जोडलं. मशीनला जमिनीवर फिरणारं एक चाक असतं. त्या चाकावर मी लोहचुंबक बसवलं आणि शेजारी ते ओळखणारा सेन्सर. चाक फिरतंय तोवर पंप चालणार, चाक थांबलं की पंप थांबणार. मशीन वर उचललं की चाक आपोआप थांबतंच. वायरी पाइपातून नेल्या, सांधे सोल्डर केले. मालकानं पान लावल्यासारखं काम म्हणून कौतुक केलं आणि मशीन घेऊन गेला.

आठवडाही गेला नाही. आक्का दुकानावरून जाताना दारातूनच म्हणाली, "तुझं ते बंद पाडलं गं. वायर डायरेक्ट केल्यात."

मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि गाडी काढून सरळ रानात गेले. ट्रॅक्टर टोकाला वळत होता. मागे आक्का आणि तिची जोडीदारीण बसलेल्या, दोघींनी पदर तोंडाला घेतलेला, आणि पायांवर चकचकीत ओल. ड्रायव्हर गोकाककडचा. मी विचारलं, वायर कुणी जोडली? तो खाली बघत म्हणाला, "मालक हेळ्यार, मॅडम." मालकानं सांगितलं. मालक लिंबाच्या झाडाखाली उभा होता.

"ताई, तुमचं काम झकास हाय," तो म्हणाला. "पण बांध कोरडा ऱ्हातोय की वो."

तेव्हा मला सगळा उलगडा झाला. आमच्या भागात हुमणीबद्दल एक ठाम समजूत आहे. हुमणी म्हणजे उसाची मुळं कुरतडणारी पांढरी अळी. ही अळी आपल्या रानात कधीच होत नाही. ती नेहमी शेजाऱ्याच्या रानातून येते, बांधाखालून सरपटत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. म्हणून वळताना पंप मुद्दाम चालू ठेवायचा आणि बांधाला औषध पाजायचं. याला आमच्याकडे 'बांध पाजणं' म्हणतात आणि ते न करणारा शेतकरी आळशी समजला जातो.

मी म्हटलं, "अहो, हुमणीचा भुंगा उडून येतो. आत्ता तुम्ही ज्या झाडाखाली उभे आहात ना, त्या लिंबाचा पाला खातो आणि रात्रीत खाली उतरून तुमच्याच मातीत अंडी घालतो. त्याला तुमचा बांध काय माहीत?"

त्यानं वर झाडाकडे बघितलं आणि हसला. "तुम्ही वायरीचं बघा ताई, हुमणीचं आमी बगतो."

"आणि बायकांच्या पायावर पडतंय ते कोण बघणार?"

"दोन थेंबानं काय हुतंय? औषधच हाय. त्यांनी तर कदी तक्रार केली न्हाय." मग आवाज जरा खाली आणून, "तुमची आक्का हाय म्हणून तुमास्नी वाटतंय."

"व्हय," मी म्हटलं. "म्हणूनच वाटतंय. तुमची असती तर तुम्हाला वाटलं असतं."

हे त्याला झोंबलं. लागणीच्या बायकांच्या टोळ्या काय, निपाणीभर मिळतात, एवढंच म्हणाला आणि मोबाईल काढून बघत बसला. आक्कानं खुर्चीवरूनच मला हातानं खूण केली, जा.

संध्याकाळी ती घरी आली ती भांडायलाच. "तू भांडून निघून जातीस. सकाळी तोंड मला दाखवायचं आसतंय," म्हणाली. मी पायांचा विषय काढला तर तिनं मला गप्प केलं. "पाय माझं हाईत. मला कळत न्हाय व्हय? भांडायचं आसल तर आसं भांड की पाय बी ऱ्हाईल आणि काम बी ऱ्हाईल. न्हाईतर भांडू नको." ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते खरं, पण जळत असताना इतकं सरळ बोलणारी माणसं मी थोडीच पाहिली आहेत. त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करत होते.

मग डायरेक्टचं जे होतं तेच झालं. फ्यूजही काढून टाकला होता, पंप अडकला आणि जळाला. मालक नवीन पंप घेऊन आला. मागचं विसरा म्हणाला. मी म्हटलं, विसरले, आणि कामाला लागले. चाकाचा सेन्सर पुन्हा लावला आणि सोबत एक हॉर्न. जुन्या लॉरीचा, दोन सुरांत बोंबलणारा. जोडणी अशी केली की सगळं नीट असेल तर हॉर्नला वीजच मिळू नये. पण चाक थांबलंय आणि तरी पंप चालू आहे, असं झालं की हॉर्न वाजणारच. म्हणजे कुणी पंपाला बॅटरीवरून सरळ वायर दिली तर प्रत्येक वळणावर अख्ख्या गावाला कळेल.

चोरून मी काही केलं नाही. मालकाला समोर उभं करून हे समजावलं. डायरेक्ट केलं तर बोंबलेल, असं मी म्हणाले. तो मोठ्यानं हसला. "वाजू दे की वो! वरात निघाल्यावानी वाटंल." मी गंमत करते आहे असं त्याला वाटलं. बाई वायरिंग करते हीच त्याला अर्धी गंमत वाटत असे.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं नाही, आक्कानं सांगितलं, आणि आक्का सांगताना दोन मुठी वाढवून सांगते. पहिल्या दिवशी सकाळीच ड्रायव्हरनं मालकाच्या हुकमानं वायर डायरेक्ट केली. पहिल्या वळणावर हॉर्न वाजला. दुसऱ्या वळणावर वाजला. ओढ्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली. शेजारचा शेतकरी वैरण टाकून बांधावर आला, काय झालं म्हणून. त्याच्या देखत मशीन वळलं, हॉर्न वाजला आणि औषधाचा फवारा त्याच्या बांधावर पडला. कशाला रं, त्यानं विचारलं. तुझी हुमणी इकडं येत्या म्हणून, मालक म्हणाला. यावर शेजारी जे बोलला त्यातलं लिहिण्यासारखं एवढंच, की हुमणी या मालकाच्या रानातून त्याच्याकडे येते, म्हणून शेजारी स्वतःच इकडचा बांध पाजत आला आहे.

मालकानं विळा मागवला आणि हॉर्नची वायर कचकन तोडली.

आक्का खुर्चीवरून खाली उतरली. म्हणाली, "हॉर्नची वायर तोडलासा मालक. आमची तोंडं कुठं तोडल्यासा?" आणि तिथून पुढे तिनं नवीनच रीत काढली. सरी संपत आली की ती ओरडायची, थांब. ट्रॅक्टर थांबला की दोघी उतरायच्या, बाजूला जाऊन उभ्या राहायच्या. मशीन उचला, वळवा, बांध पाजा, शेजाऱ्याला पाजा, काय करायचं ते करा. खाली उतरलं की आम्ही बसणार. वळून झालं की पदर खोचून पुन्हा खुर्चीवर. पुढच्या टोकाला पुन्हा, थांब. बाकीच्या बायका बेणं टाकायला होत्या, त्या हसून हसून बेजार. दुपारपर्यंत पाव रानही झालं नाही. मालक म्हणाला, घरला जावा. त्या सगळ्याच घरी गेल्या.

आता खरं सांगायचं तर मी घाबरले. बोंबलायला हॉर्न लावला मी आणि घरी बसली आक्का. लागणीचे दिवस थोडेच असतात. एक दिवस गेला, दुसरा गेला, ती दारात बसून शेंगा फोडत होती आणि मी दुकानातून तिला फोन करून काही तरी दुसरंच विचारत होते. तिसऱ्या वेळी तिनं मला झापलं. "सारकं फोन करू नको. मी काय मेल्या न्हाय. बसल्या." मालकानं दुसऱ्या गावची टोळी आणायचा प्रयत्न केला. त्या बायकांनी आधी एकच विचारलं, ते हॉर्नचं मशीन काय? मग सांगितलं, पंप बंद होत असेल तर येतो. म्हणजे बातमी माझ्या हॉर्नपेक्षा लांब गेली होती. इकडे तोडून ठेवलेलं बेणं पाचटाखाली झाकलं तरी सुकत चाललं होतं. सुकलेल्या बेण्याला डोळे फुटत नाहीत हे मालकाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

तो आला तेव्हा ताई वगैरे काही म्हणाला नाही. "जोड," म्हणाला.

"जोडते," मी म्हटलं. "पण बरोबर झालंय की नाही ते मी सांगणार नाही. आक्का सांगेल."

"म्हंजे?"

"ती बसते त्या खुर्चीवर. मी बसत नाही, तुम्ही बसत नाही."

 मी हॉर्नसकट सगळं जोडलं, टाकीत साधं पाणी भरून दुकानासमोर फिरवून बघितलं, चाक उचललं, पंप थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी मीही रानात गेले. आक्काची टोळी आली होती. बेणं आलं होतं. ड्रायव्हरनं टाकीत औषध ओतलं आणि झाकण लावलं. शेजारी आपल्या बांधावर हजर होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

आक्का मशीनजवळ गेली, खुर्चीवर हात फिरवला, आणि बसली नाही. मालकाकडे वळून म्हणाली, "बसा."

"कोण?"

"तुम्ही. एक सरी. आणि पायतान काडा, आमी पायतान घालून बसत न्हाय, घसरतंय."

"ह्ये बग, मला ही कामं..."

"दोन थेंबानं काय हुतंय म्हणालतासा. औषधच हाय, मालक."

 ड्रायव्हरनं मान वळवून समोर बघायला सुरुवात केली, म्हणजे तो हसत होता. मालकानं माझ्याकडे बघितलं. मी वायरीचं बघत होते. मग त्यानं चपला काढल्या, धोतर वर घेतलं आणि बसला. आक्कानं त्याच्या हातात ऊस दिला. "रिकामं बसू नका. सोडत जावा." दुसऱ्या खुर्चीवर तिची जोडीदारीण बसली आणि ट्रॅक्टर निघाला. आम्ही सगळ्या मागून चालत होतो. मालकाचे निम्मे ऊस तिरके पडत होते, जोडीदारीण एका हातानं आपले आणि दुसऱ्या हातानं त्याचे सरळ करत होती. पंपाचा बारीक घरघराट चालू होता.

टोक आलं. ड्रायव्हरनं लिफ्टचा दांडा ओढला. मशीन जमिनीवरून उठलं, चाक थांबलं आणि पंपाचा आवाज बंद पडला. नळीच्या तोंडातून एक थेंब आला नाही. हॉर्न वाजला नाही. सगळं मी जोडलं होतं तसंच झालं, पण ते बघायचं भान कुणालाच राहिलं नाही. कारण मशीन उठल्याबरोबर, पंप बंद पडायच्या आधीच, मालकानं दोन्ही पाय झटकन छातीशी घेतले होते. ऊस हातातून पडला, तोल गेला, आणि तो खुर्चीच्या दांडीला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला होता.

आक्का पुढे झाली. तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारावं तसं तिनं विचारलं, "पाय कशाला उचललासा, मालक?"